आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञ, अमेरिकेतील : अर्हता व मेडिकेअर

रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात आलेल्या रुग्णाला प्रथम तपासणारा, जिवाला धोका कशापासून आहे हे ठरवून उपचार सुरू करणारा विशेषज्ञ. त्याच्याबाबत दोन प्रश्न नेहमी विचारले जातात : त्याची अर्हता काय, आणि तो मेडिकेअर स्वीकारतो का. मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असले तरी एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. मेडिकेअर स्वीकारणे ही पैशाची अट आहे. तिच्यावरून डॉक्टरच्या कौशल्याचा अंदाज बांधू नये.

ही शाखा तशी तरुण आहे. पूर्वी इमर्जन्सी विभाग शिकाऊ डॉक्टरांवर किंवा पाळीपाळीने येणाऱ्या इतर शाखांच्या डॉक्टरांवर चाले. १९६१ मध्ये व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ हेच काम पत्करले. १९६८ मध्ये या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली आणि १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात पहिली रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातले विशेष प्रशिक्षण, सुरू झाली. १९७९ मध्ये स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली. विशेषज्ञाच्या प्रमाणपत्राची पहिली परीक्षा १९८० मध्ये झाली. केवळ अनुभवाच्या बळावर परीक्षेला बसण्याची वाट १९८८ मध्ये बंद झाली.

आज या तज्ज्ञाला चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, राष्ट्रीय परवाना परीक्षेचे तीन टप्पे आणि तीन किंवा चार वर्षांची रेसिडेन्सी पूर्ण करावी लागते. भारतातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला परदेशी पदवीधरांसाठीचे ईसीएफएमजी प्रमाणपत्र मिळवून साधारणतः तिथली रेसिडेन्सी नव्याने करावी लागते, मग इथे कितीही वर्षे कॅज्युअल्टी सांभाळलेली असो. त्यानंतर राज्याचा परवाना मिळतो. तो कायद्याने सक्तीचा आहे. अमेरिकन बोर्ड ऑफ इमर्जन्सी मेडिसिनचे प्रमाणपत्र मात्र ऐच्छिक असते, आणि ते पुढे वेळोवेळी टिकवावे लागते. मोठ्या शहरांतली रुग्णालये या प्रमाणपत्राचा आग्रह धरतात. खेड्यांतल्या लहान रुग्णालयांत हेच काम पुष्कळदा फॅमिली मेडिसिनचे डॉक्टर करतात, आणि त्यांच्याविना ते विभाग उघडे राहणार नाहीत. परवाना राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या संकेतस्थळावर आणि प्रमाणपत्र बोर्डाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

मेडिकेअरचा कायदा ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने झाला. इमर्जन्सीतल्या डॉक्टरची फी मेडिकेअरच्या ‘भाग ब’मधून दिली जाते. मेडिकेअरने ठरवलेला दर हीच पूर्ण फी मानण्याच्या कबुलीला ‘असाइनमेंट’ म्हणतात. प्रत्येक दाव्यात ती पाळण्याचा करार केलेला डॉक्टर ‘सहभागी’ ठरतो. समजा, एका तपासणीचा मान्य दर १०० डॉलर आहे आणि रुग्णाने वर्षाची सुरुवातीची ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर) आधीच भरलेली आहे. सहभागी डॉक्टरला मेडिकेअरकडून ८० डॉलर मिळतात, रुग्ण २० भरतो. डॉक्टर असहभागी असेल तर मान्य दर ९५ धरला जातो. असाइनमेंट न घेतल्यास त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे एकूण १०९.२५ डॉलरपर्यंत आकारणी करता येते. मेडिकेअर ७६ डॉलर देते आणि रुग्णावर ३३.२५ डॉलरचा भार येतो. त्यापुढे एक सेंटही मागता येत नाही.

तिसरा प्रकार मेडिकेअरमधून पूर्ण बाहेर पडलेल्या डॉक्टरांचा. ते रुग्णाशी खासगी करार करून हवी ती फी घेऊ शकतात. परंतु तातडीच्या प्रसंगी असा करार रुग्णाकडून करून घेता येत नाही. छातीत कळ येत असताना कोणी कराराचा कागद पुढे करू नये, हे कायद्यानेच सांगितले आहे, आणि या व्यवस्थेतली ही सर्वांत न्याय्य तरतूद म्हणावी लागेल. १९८६ च्या ‘एम्टाला’ कायद्याने याहून मोठे काम केले. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात जो येईल त्याला तपासणे आणि प्रकृती स्थिर करणे बंधनकारक झाले. विमा, ऐपत किंवा नागरिकत्व आधी विचारून कोणाला परत पाठवता येत नाही. म्हातारपणाच्या विम्यासाठी उभी राहिलेली यंत्रणा अशी सगळ्यांच्याच उपयोगी पडली. बिल मात्र या कायद्याने माफ होत नाही.

बिले बहुधा दोन येतात : एक रुग्णालयाचे, दुसरे डॉक्टरचे. कारण इमर्जन्सीतला डॉक्टर अनेकदा रुग्णालयाचा नोकर नसून वेगळ्या डॉक्टर-कंपनीतर्फे काम करतो. मेडिकेअरचे हिशेबपत्रक घरी येते तेव्हा त्यावर ‘हे बिल नाही’ असे ठळक छापलेले असते आणि प्रत्येक सेवेसमोर रुग्णाकडून जास्तीत जास्त किती घेता येईल तो आकडा असतो. डॉक्टरच्या बिलातली रक्कम त्याहून मोठी असेल तर पैसे भरण्याआधी विचारणा करावी.

भारतातून अमेरिकेतल्या मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांना मेडिकेअर मिळत नाही. ग्रीन कार्डधारकालाही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीचा आधार नसेल तर वयाच्या ६५ नंतर, अर्जाआधीच्या सलग पाच वर्षांचे वास्तव्य दाखवून, हप्ता भरूनच ते घेता येते. त्यामुळे व्हिजिटर विमा काढल्याशिवाय विमानात बसू नये. आणि निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की भारतातल्या उपचारांचा खर्च मेडिकेअर देत नाही.