पौंडभर धान्य आणि दीडशे रुपये

दुष्काळग्रस्ताच्या हाती धान्य द्यावे की पैसा, हा वाद आज नवा म्हणून मांडला जातो. महाराष्ट्रात तो सुमारे दीडशे वर्षे जुना आहे. आमच्या मते वादाचे खरे मर्म वेगळेच आहे: भाव चढले, तर त्याचा भार कोणी सोसायचा?

१८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी खाली आणली. रोज एक पौंड धान्य विकत घेता येईल इतके पैसे आणि वर किरकोळ रक्कम, असा तो हिशेब होता. मजुरी पैशातच मिळे, माप मात्र धान्याचे होते. पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी गुदरल्या. १८८० च्या दुष्काळ आयोगाने पुढे मजुरी धान्याच्या भावाशी बांधण्याचे तत्त्व स्वीकारले. माप कंजूष असले तरी हे तत्त्व मोलाचे होते, कारण महागाईची झळ त्यामुळे मजुराऐवजी तिजोरीला लागणार होती.

ज्यांना काम करणेच शक्य नव्हते त्यांना या हिशेबाचा उपयोग नव्हता. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम काढून मुलांना जेवू घातले. लहान मुलाला रोकड देऊन काय साधणार?

१९७२ च्या दुष्काळात दोन्ही वाटा एकत्र आल्या. मे १९७३ मध्ये सुमारे ४९ लाख माणसे सरकारी कामांवर होती. मजुरी रोख मिळे. जोडीला कामावर सुकडी आणि रेशनवर परदेशी तांबडा मिलो. (त्या मिलोच्या भाकरीबद्दल वडीलधाऱ्यांपाशी विषय काढून पाहावा, तोंड वाकडे झाल्याशिवाय राहत नाही.) राज्यातले पीक बुडालेले, परप्रांतांतून खाजगी व्यापाऱ्यांनी धान्य आणण्यावर निर्बंध, तरीही मजुरांच्या हातातल्या पैशामागे धान्य येतच राहिले, काही उघडपणे तर काही चोरवाटांनी. रेशन दुकान नसते तर नुसत्या पैशाने निभले असते का, याची आम्हांला शंका आहे. पैसा नसता तर मात्र रेशनचे धान्यही दुकानातच पडून राहिले असते. या अनुभवातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा आकाराला आला.

२००१ च्या संपूर्ण ग्रामीण रोजगार योजनेत रोजच्या मजुरीत किमान पाच किलो धान्य असे. २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली ते सुटून मजुरी मुख्यतः रोखीने मिळू लागली.

२०२३ मध्ये मराठवाडा व विदर्भातल्या १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सवलतीच्या धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये ठरले. पूर्वी मिळणाऱ्या पाच किलोंच्या हिशेबाने तेव्हा किलोला ३० रुपये पडत होते. गहू-तांदूळ त्याहून महागला तर वरचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जाणार, आणि रक्कम वाढायची तर नवा शासन निर्णय निघेपर्यंत त्याने वाट पाहायची.