पेठ आणि कौल

पुण्याच्या जुन्या पेठांचीं नांवें वारांवरून पडलेलीं असल्यामुळें त्या जणू पंचांग पाहून एका आठवड्यांत वसविल्या, असा परक्याचा ग्रह होतो. वस्तुस्थिति निराळी आहे. कसबा हें मूळ गांव. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनीं १७३४ च्या सुमारास वसविली. नाना पेठ नाना फडणिसांनीं १७९१ च्या सुमारास. या साठ वर्षांच्या आंत एका कसब्याचें शहर झालें, तें कशानें? शनिवारवाड्यामुळें, असें उत्तर सामान्यतः मिळतें. १७३० सालीं वाड्याचा पाया पडला आणि राज्यकारभाराबरोबर गिऱ्हाईक आलें, हें खरें. परंतु गिऱ्हाईक आलें म्हणजे दुकानदार आलाच, असें नाहीं. परगांवच्या उदम्यानें आपली चालती पेढी सोडून, बैलांवर माल लादून, नव्या माळावर दुकान मांडावयास कां यावें? याचें उत्तर आमच्या मतें वाड्यांत नसून कौलांत आहे.

कौल म्हणजे सरकारचें अभयपत्र. नवी पेठ वसवावयाची ठरली म्हणजे सरकार एखादा वजनदार गृहस्थ पाहून त्यास पेठेचें शेटेपण अथवा महाजनकी देई. त्यानें उदमी, बकाल व कारागीर गोळा करावे, त्यांस जागा नेमून द्याव्या, वजनेंमापें पाहावीं, तंटे तोडावे. मोबदल्यांत दुकानादुकानांतून त्याचा हक्क चाले: वाण्याकडून सुपारी, तेल्याकडून तेल, आणि सणासुदीस मान. येणाऱ्यास कौलानें ठराविक वर्षें मोहतर्फा माफ होई व वेठबिगारीचा उपसर्ग चुके. यांतील मर्म असें कीं, शेटे हा पगारी नोकर नव्हे, वतनदार होता. पेठ भरली तर त्याच्या नातवाच्या ताटांत पडावयाचें. ओस पडली तर वतन कागदावर राहावयाचें. (हल्लीं बाजारपेठांच्या उत्कर्षासाठीं ज्या समित्या बसतात, त्यांतील किती सभासदांचे नातू त्याच रस्त्यावर नांदणार असतात, हा प्रश्न आम्ही येथें विचारीत नाहीं.)

सरकारनेंहि आपला वांटा उचलला. नानासाहेबांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावांतून नळानें पाणी आणून शहरांत हौद भरले. पाण्यावांचून नुसत्या माफीनें कोण राहतो? मग वारांच्या नांवांखालीं धंद्यांचीं नांवें रुजलीं. रविवारांत कापडगंज आणि बोहरी आळी, कसब्यांत तांबट आळी. गंज पेठ मिठाच्या बाजाराची. तिलाच आज महात्मा फुले पेठ म्हणतात. पंचांगापेक्षां या आळ्यांच्या नांवांतच शहराचा खरा इतिहास आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुण्याचा बाजार बसला, असें म्हणण्याचा प्रघात आहे. दरबार गेल्यानें जरीपासून तलवारीपर्यंत सर्वांचेंच गिऱ्हाईक आटलें, हें कोण नाकारील? पण आमच्या मतें खरा घाव त्यापूर्वी वीस वर्षें बसला होता. गादी मिळविण्यासाठीं दुसऱ्या बाजीरावानें दौलतराव शिंद्यांस दोन कोटींचें वचन दिलेलें होतें, आणि तिजोरी रिकामी होती. तेव्हां १७९८ सालीं शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांस पुण्यांतूनच पैसा उकळण्यास मोकळीक मिळाली. प्रथम जुने कारभारी धरले, मग सावकार व व्यापारी. चाबकांनीं फोडून काढणें तर राहोच, माणसें तापलेल्या तोफांस बांधण्यापर्यंत मजल गेली. ज्या सरकारच्या शिक्क्यावर विश्वासून हे लोक येथें आले, त्याच सरकारनें त्यांस मारेकऱ्याच्या स्वाधीन केलें. चार वर्षांनीं, १८०२ सालीं, यशवंतराव होळकरांनीं हडपसरची लढाई जिंकल्यावर शहर पुन्हां लुबाडलें गेलें. परंतु तो शत्रु होता. शत्रूनें लुटलेला व्यापारी पुन्हां दुकान मांडतो. कौल देणाऱ्यानेंच लुटलें म्हणजे तो कोणत्या भरंवशावर मांडणार?

१८१७ पासून शहराच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी उभी राहूं लागली. तेथील मुख्य रस्त्यास त्यांनीं मेन स्ट्रीट एवढेंच रुक्ष नांव दिलें. आज तो महात्मा गांधी रस्ता. पारशी व बोहरी व्यापाऱ्यांनीं तेथें दुकानें थाटलीं, तीं पलटणीच्या पगारावर नजर ठेवून. त्या बाजारास शेटे नव्हता, सुपारीचा मान नव्हता, आणि छावणीचे नियम जाचकच होते. परंतु रात्रीं दार ठोठावून दुकानदारास कोणी तोफेकडे नेत नसे, आणि त्या काळच्या पुणेकर सावकारास एवढेंहि थोडें नव्हतें.

जुन्या पेठा मात्र ओस पडल्या नाहींत. सावकाराची थैली एका रात्रींत हलते. तांबटाची भट्टी, ऐरण आणि चार शेजारघरीं वांटलेलें काम हलत नाहीं. तांबट आळींत हातोड्याचा ठोका अद्यापि ऐकूं येतो.