अर्धशिशी : गोळीचा इतिहास आणि समजावण्याचा इतिहास

अर्धशिशीवरील औषधांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. रुग्णाला वैद्याने काय सांगावे, याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. वास्तविक हे दोन इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ‘अर्धावभेदक’ या विकाराचे वर्णन येते. तेथे लक्षणांबरोबर कारणेही दिली आहेत : रूक्ष अन्न, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, पूर्वेचा वारा, दव, अतिश्रम, मलमूत्रादी वेगांचा अवरोध. यांतील सर्वच कारणे आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. पण रोग आवरायचा तर रुग्णाला आपली दिनचर्या उमगली पाहिजे, ही जाणीव त्या यादीत आहे. ग्रीक वैद्य गेलन याच व्याधीला ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी, म्हणत असे. त्यावरूनच पुढे ‘मायग्रेन’ हा शब्द घडला.

1918 साली आर्थर श्टोल यांनी अर्गट या बुरशीपासून अर्गोटामीन वेगळे केले. पुढच्या दशकात ते अर्धशिशीवर वापरले जाऊ लागले आणि उठलेली कळ थांबवणारे प्रभावी साधन हाती आले. त्याच साधनाने नवे संकटही आणले. 1951 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पीटर्स व हॉर्टन यांनी अर्गोटामीनचा अतिवापर करणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. औषध बंद करताच त्यांचे डोके अधिक दुखे, म्हणून ते पुन्हा गोळी घेत, आणि चक्र चालू राही. 1990च्या दशकात सुमाट्रिप्टान आले. त्याच्याही अतिवापराने हेच घडते, असे दिसून आले.

आजचे आंतरराष्ट्रीय निकष याला अतिऔषधजन्य डोकेदुखी म्हणतात. मुळात डोकेदुखी असलेल्या व्यक्तीने तीन महिन्यांहून अधिक काळ साधी वेदनाशामके महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान, अर्गोटामीन, ओपिऑइड किंवा मिश्र वेदनाशामके 10 किंवा अधिक दिवस घेतली, तर हा धोका संभवतो. येथे गोळ्यांची संख्या नव्हे, दिवस मोजायचे असतात. ही एवढीशी बाब रुग्णाला कोणी सांगितलेली नसते.

ती सांगितली तर काय होते? इटलीतील पाओलो रोस्सी व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 120 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला औषध थांबवण्याचा केवळ सविस्तर सल्ला दिला. दुसऱ्यावर बाह्यरुग्ण म्हणून, तर तिसऱ्यावर रुग्णालयात ठेवून उपचार केले. दोन महिन्यांनी तिन्ही गटांतील यशाचे प्रमाण जवळजवळ सारखे, 70 टक्क्यांहून अधिक, होते. हे रुग्ण तुलनेने कमी गुंतागुंतीचे होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही समजावणे हाच उपचाराचा एक भाग आहे, हे त्यातून दिसले.

भारतात याला आणखी एक पैलू आहे. 2006 मध्येच मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी डोक्यावरून स्नान केल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या 94 रुग्णांची निरीक्षणे मांडली. चीज, चॉकलेट आणि रेड वाइन यांच्या पाश्चात्त्य यादीत न्हाणे कोठून येणार? तेव्हा उसनी यादी हातात देण्यापेक्षा रुग्णाला डोकेदुखीची नोंदवही ठेवायला शिकवणे श्रेयस्कर : तारीख, झोप, जेवणाची वेळ, मासिक पाळी, घेतलेली गोळी.

कर्नाटकात 2,329 प्रौढांच्या पाहणीत वर्षभरात सुमारे 25 टक्के लोकांना अर्धशिशीचा त्रास झाल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या रुग्णांना मज्जाविकारतज्ज्ञ पुरणे अशक्यच. बहुतेकांची पहिली भेट औषधाच्या दुकानातच होते. म्हणून काही गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात. दुखणे सुरू होताच घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. प्रतिबंधक औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. आणि क्षणार्धात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, हातापायांतील अशक्तपणा, वाचा अडखळणे किंवा तापासह मान ताठरणे ही लक्षणे दिसल्यास दुकानात नव्हे, थेट रुग्णालयात जावे.