मिसलीत न मावणारी खूण

अपिलाच्या न्यायालयाचे एक वैगुण्य जन्मजातच आहे: ज्या साक्षीवर त्याने निवाडा द्यावयाचा, ती देणारी व्यक्ती त्याने पाहिलेली नसते, त्याच्यापुढे येते ती मिसल, म्हणजे खटल्याचे कागद. पुराव्याच्या फेरतपासणीचा पूर्ण अधिकार उच्च न्यायालयास असला, तरी साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविषयी खालच्या न्यायाधीशाच्या मताला योग्य वजन द्यावे, असे प्रिव्ही कौन्सिलने 1934 साली बजावले ते याच कारणाने. बलात्काराच्या खटल्यात पीडिता मुकी, अंध किंवा मतिमंद असली म्हणजे हे वैगुण्य अधिकच बोचते.

वास्तविक कायद्याने तिला दार बंद केलेले नव्हते. स्टीफनसाहेबांनी रचलेल्या 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात, प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकेल तो साक्षीस पात्र होता. आणि ज्यास वाचा नाही त्याने भर कचेरीत लिहून अगर खुणांनी दिलेली साक्ष तोंडीच समजावी, असे 119 वे कलम सांगत होते. परंतु खुणावणारा हात आणि टिपणारी लेखणी यांच्यामध्ये दुभाषी उभा असे, आणि वरच्या न्यायालयात पोहोचे तो त्याने लावलेला अर्थ. राजस्थानातील एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली खुद्द खुणांचीही नोंद आवश्यक मानली. पुढच्याच वर्षी अशा जबानीचे चित्रीकरण कायद्याने सक्तीचे झाले.

ऐकून घेणे आणि विश्वास ठेवणे यांत मात्र अंतर असते. पीडितेच्या शब्दाला पुष्टी मिळालीच पाहिजे हा कायद्याचा दंडक नसून सावधगिरीचा संकेत आहे, असा निर्वाळा, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या विव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात 1951 सालीच दिला होता. मतिमंद मुलीची असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे गोव्याच्या एका अपिलात 2003 साली स्पष्ट झाले. आणि 2021 मध्ये, आंध्रातील एका जन्मांध दलित तरुणीने आरोपीस आवाजावरून ओळखले असता, न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी अपंगत्वामुळे साक्ष उणी ठरत नाही असे सांगून बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम केली. जातीच्या कारणावरून गुन्हा घडल्याचे सिद्ध न झाल्याने अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखालील दोष मात्र रद्द केला.

डोळ्यांनी ओळखील तोच खरा साक्षीदार, असे 1872 च्या कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते. ते मिसल वाचणारांच्या मनात होते, आणि तेथून ते खोडावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.