तर्खडकर घराणे आणि इंग्रजी विद्या

वसईचे नाव निघाले म्हणजे आपल्या मनात दोन प्रसंग उभे राहतात. पहिला १७३९ च्या मे महिन्यातला. चिमाजी आप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांपासून किल्ला जिंकून घेतला तो. दुसरा ३१ डिसेंबर १८०२ चा. दुसऱ्या बाजीरावाने याच वसईस इंग्रजांशी तह केला व मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले तो. पहिल्याचा आपणांस अभिमान वाटतो आणि दुसऱ्याचा विषाद. परंतु वसईच्या भूमीशी निगडित अशी एक तिसरीही हकीकत आहे. ती रणांगणावरची नाही, शाळेतली आहे. आज तीच मी श्रोत्यांपुढे मांडणार आहे.

वसईजवळ तर्खड नावाचे गाव आहे. ज्या घरांत वडील माणसांनी इंग्रजीचे धडे गिरवले, तेथे या गावाचे नाव पुस्तकाच्या पाठीवर कित्येक वर्षे होते. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ ही मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजीचे मराठी करावयास लावणारी पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. पण त्या पाठमालेच्याही पुष्कळ अगोदर तर्खडकर या आडनावाने मराठी विद्येच्या इतिहासात आपली जागा केली होती. मूळच्या तर्खडच्या पण मुंबईस स्थायिक झालेल्या एका घराण्यात तीन भाऊ जन्मले. दादोबा, भास्कर व आत्माराम अशी त्यांची नावे. परकी भाषा कशी शिकावी, आणि शिकल्यावर तिचे करावे काय, या प्रश्नाला त्या तिघांनी तीन प्रकारची उत्तरे दिली. ती उत्तरे आजही जुनी झालेली नाहीत.

दादोबा पांडुरंग यांचा जन्म १८१४ सालचा. वसईच्या तहाला तेव्हा बारा वर्षे झाली होती आणि पेशवाई बुडावयास चार वर्षे उरली होती. त्या काळी मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होई. मोडी अक्षर, पाढे, उजळणी, हिशेब व पत्राचे मायने एवढे आले की शिक्षण पुरे झाले असे समजत. मराठी ही शिकण्याची भाषा आहे, तिला नियम आहेत व ते नियम मुलांस सांगता येतील, ही कल्पना पंतोजींच्या शाळेत नव्हती. व्याकरण म्हणजे संस्कृताचे, असाच सर्वांचा समज होता.

१८२२ पासून मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी काम करू लागली. तीच पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने प्रसिद्धीस आली. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाले, मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून झाला, आणि ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. ‘दर्पणा’त एका पानावर इंग्रजी व मराठी असे दोन रकाने शेजारी शेजारी असत. वाचकाने डावीकडून उजवीकडे नजर फिरवावी आणि एकच मजकूर दोन भाषांत कसा बसतो हे पाहावे, अशी ती सोय होती. वर्तमानपत्र ते होतेच, पण भाषा शिकण्याची ती एक शाळाही होती.

अशा वातावरणात दादोबांनी इंग्रजी शाळेत लिंडले मरेचे व्याकरण अभ्यासिले. मरे हा अमेरिकेत जन्मलेला वकील इंग्लंडात यॉर्क येथे येऊन राहिला होता. त्याचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली निघाले व जगभर शाळांतून चालू झाले. मुंबईच्या मुलांनीही ते घोकले. बहुतेकांनी ते परीक्षेपुरते घोकले व सोडून दिले. दादोबांनी मात्र त्या पुस्तकाकडे पाहून निराळाच प्रश्न केला : इंग्रजीला असे पुस्तक आहे, तर माझ्या भाषेला का नसावे? वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. पुढे १८५० साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती आली, आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी त्याची पूरणिका लिहिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षे हा मनुष्य एकाच प्रश्नाशी झुंजत होता. लोकांनी त्यांस ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले ते उगाच नव्हे.

यापूर्वी कोणी परकीयांनी आपल्या भाषांची व्याकरणे लिहिली नव्हती असे नाही. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली रायतूर येथे छापले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली निघाले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले. परंतु ही पुस्तके परकीयांनी परकीयांसाठी लिहिलेली होती. धर्मोपदेशकास किंवा अंमलदारास एतद्देशीयांशी बोलता यावे हा त्यांचा हेतू. दादोबांचे पुस्तक मराठी मुलाने मराठी मुलांसाठी लिहिलेले होते. त्यातील साचा परका असला तरी प्रश्न घरचा होता.

साचा परका होता, हे मात्र कबूल केले पाहिजे, आणि येथेच खरी मौज आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी या ज्या आठ शब्दजाती आपण लहानपणी पाठ केल्या, त्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर बेतलेल्या आहेत. मरेच्या यादीत नामापूर्वी येणाऱ्या उपपदाची आणखी एक जात होती. मराठीत तसे उपपद नसल्यामुळे ती गळाली. इंग्रजीत नामाच्या आधी येणारा संबंधदर्शक शब्द मराठीत नामाच्या मागून येतो. म्हणून त्याला शब्दयोगी हे निराळे नाव पडले. एवढ्यापर्यंत साचा ताणून बसविता आला.

परंतु पुढे मराठीने हट्ट धरला. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ ही वाक्ये घ्या. खाणारा दोन्हीकडे रामच, पण क्रियापद रामाकडे पाहात नाही. ते आंब्याचे व पोळीचे लिंग घेते. इंग्रजीत असे कधी घडत नाही, म्हणून मरेच्या पुस्तकात या वाक्याला घरच नाही. येथे दादोबांस संस्कृताकडे वळून कर्तरी, कर्मणी व भावे हे प्रयोग विचारात घ्यावे लागले. त्यावरून कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितांशी मतभेद झाले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले तेव्हाही तो वाद पुरता शमला नव्हता. इंग्रजी व्याकरणाची फूटपट्टी मराठीला लावून पाहिल्यामुळेच मराठी कोठे कोठे त्या फूटपट्टीबाहेर जाते, हे प्रथम स्पष्ट दिसले.

ज्याला आज उपयोजित भाषाविज्ञान म्हणतात, त्या शास्त्राने हीच गोष्ट पुढे शंभर-सवाशे वर्षांनी निराळ्या शब्दांत मांडली. १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट लाडो यांनी असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्याची भाषा व शिकावयाची भाषा यांची शेजारी शेजारी तुलना केली म्हणजे अडचण कोठे येणार हे आधी सांगता येते. पुढील संशोधकांनी त्यास मर्यादा घातल्या. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी दाखविले की, शिकणारा मधल्या काळात स्वतःचीच एक भाषा बनवितो. ती पहिलीही नसते व दुसरीही नसते, पण तिला तिचे नियम असतात. म्हणजे विद्यार्थ्याची चूक हा बहुधा निव्वळ गाफीलपणा नसतो. त्यामागे काही हिशेब असतो.

आपल्या घरातले उदाहरण पाहा. आपण म्हणतो, ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला राग आला’. भूक, ताप, राग हे कर्ते. ते येतात, लागतात. आणि मनुष्य बिचारा ‘मला’ या रूपाने बाजूस उभा. इंग्रजीत मात्र मनुष्यच वाक्याच्या अग्रभागी येऊन ‘आय’ म्हणतो आणि भूक-ताप त्याच्या मागे चालतात. ज्या मुलाला आपल्या वाक्याची ही ठेवण कोणी दाखविली आहे, तो इंग्रजी वाक्यात शिरताना कोठे वळावयाचे ते जाणतो. ज्याला ती दाखविली नाही, तो इंग्रजी वाक्ये तोंडपाठ करतो, आणि न पाठ केलेले वाक्य आले की अडखळतो.

आता दुसऱ्या भावाकडे वळू. भास्कर पांडुरंग दादोबांहून दोन वर्षांनी लहान. १८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘ए हिंदू’ या सहीची आठ पत्रे प्रसिद्ध झाली. ती भास्कर पांडुरंगांची होत, हे इतिहाससंशोधक डॉ. जे. व्ही. नाईक यांनी दाखवून दिले आहे. इंग्रजी राज्य हे परमेश्वरी कृपेचे लक्षण आहे, असे जे तेव्हा सर्वत्र सांगितले जाई, त्यावर या पंचवीस वर्षांच्या तरुणाने कठोर हल्ला चढविला. देशाचे द्रव्य बाहेर कसे वाहून जाते, येथील कारागीर व्यापारधोरणाने कसे बुडाले, हे त्याने राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांना ऐकविले. दादाभाई नौरोजींनी द्रव्यशोषणाचा सिद्धांत इंग्लंडात मांडला तो १८६७ मध्ये. ही पत्रे त्याच्या सव्वीस वर्षे आधीची.

भाषेच्या दृष्टीने या पत्रांचे महत्त्व असे की, त्यांतील इंग्रजी हे कारकुनाचे इंग्रजी नाही. अर्ज लिहिणे, हुकुमाची नक्कल करणे एवढ्यासाठी जी भाषा शाळेत दिली गेली, तिच्यात वाद घालावयास हा तरुण आपला आपण शिकला. विधान करावयाचे, त्याला प्रमाण द्यावयाचे, प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून खोडावयाचे, ही शास्त्रीय लेखनाची रीत. १९६६ साली रॉबर्ट कॅप्लन यांनी असे मत मांडले की, निरनिराळ्या भाषांचे लोक परिच्छेद निरनिराळ्या आकृतीत रचतात व ती सवय त्यांच्या इंग्रजीतही उतरते. हे मत फार ढोबळ आहे, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. भास्कर पांडुरंगांचे उदाहरण आक्षेपकांच्या बाजूचे आहे. ज्याला काही निकडीने सांगावयाचे असते, तो परक्या भाषेतही युक्तिवादाची वाट काढतो. दुर्दैवाने भास्कर पांडुरंग तरुणपणीच वारले.

धाकटे आत्माराम पांडुरंग यांनी इंग्रजी विद्येचा मार्ग आणखी पुढे नेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. १८६७ साली प्रार्थनासमाजाची स्थापना झाली ती त्यांच्या पुढाकाराने. १८७९ साली ते मुंबईचे शेरीफ झाले, आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्यांतही ते होते. त्यांच्या घरी १८७८ साली एक सतरा वर्षांचा बंगाली तरुण काही आठवडे राहावयास आला. विलायतेस जाण्यापूर्वी त्याचे बोलण्यातील इंग्रजी सुधारावे, असा त्याच्या वडील बंधूंचा, सत्येंद्रनाथांचा, हेतू होता. शिकवणी आत्मारामांची विलायतेस राहून आलेली कन्या अन्नपूर्णा हिच्याकडे आली. तो तरुण म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. आपल्यापाशी दाखविण्याजोगी विद्वत्ता नसल्यामुळे आपण कवी आहोत हेच त्याने तिला दाखविले, आणि तिला ‘नलिनी’ हे नाव देऊन तिच्यासाठी बंगालीत काव्य केले. इंग्रजीच्या शिकवणीत मराठी मुलगी बंगाली कविता ऐकत होती! भाषा शिकण्याचे काम मोकळ्या मनाने चालले म्हणजे त्यात अशी देवघेव होते.

हे सर्व चालू असता सरकारदरबारी एक मोठा वाद झडत होता. १८४७-४८ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे पडले की, वरचे ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे; देशी भाषा त्यास अपुऱ्या आहेत. कर्नल जर्व्हिस यांनी उलट मत दिले, आणि जगन्नाथ शंकरशेट व बोर्डाचे इतर एतद्देशीय सभासद जर्व्हिसांच्या बाजूने उभे राहिले. उच्च शिक्षणापुरता विजय पेरींच्या मताचा झाला, व १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते इंग्रजीच्याच पायावर. पण इंग्रजी शिकलेल्यांनी त्या विद्येचे काय केले, हे पाहिले तर पेरींचे अनुमान अर्धेच खरे ठरले. १८५० साली मेजर कँडी यांनी मराठीसाठी विरामचिन्हांचे पुस्तक काढले. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. इंग्रजीतला निबंध मराठीत आला आणि मराठीचाच होऊन गेला. अपुरी म्हटलेली भाषा वापराने पुरी होत गेली.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण वसईतच आहे. २००९ पासून वसई-विरार ही महानगरपालिका आहे, २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात मोडते, आणि तेथे देशभरची माणसे येऊन राहिली आहेत. त्याच भूमीवर सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी अशा जुन्या बोली घराघरांतून अद्याप बोलल्या जातात. त्या बोलीत वाढलेल्या मुलाला पूर्वी प्रमाण मराठीची पायरी चढून इंग्रजीकडे जावे लागे. आता पुष्कळ पालक मधली पायरीच काढून टाकतात, आणि बोलीलाही दाराबाहेर ठेवतात. त्यांचा हेतू वाईट नाही. मुलाची वाट सोपी व्हावी एवढेच त्यांना हवे असते. परंतु पायऱ्या कमी केल्याने जिना लहान होत नाही, प्रत्येक पाऊल तेवढे उंच होते.

वसईनेच याला दुसरे उत्तरही दिले आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जगाच्या भाषांतले धर्मग्रंथ व चिंतन अभ्यासीत राहिले, पण ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत सिद्ध केले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. दादोबांची रीत याहून फार निराळी नव्हती.

म्हणून आपल्या घरच्या मुलाला इंग्रजी अवश्य शिकवावे, उत्तम शिकवावे. पण तो इंग्रजी वाक्य लिहावयास बसला असता कधी त्याला विचारावे की, हेच तू आजीला कसे सांगशील? त्याच्या दोन उत्तरांत जो फरक पडेल, तेथे थांबून तो फरक त्याच्याकडूनच समजावून घ्यावा. एका बाविशीच्या तरुणाने १८३६ साली याच फरकापाशी थांबून मराठीला तिचे व्याकरण दिले.