शाईचे डाग आणि नरडाण्याची मुले

* प्रमाणके : एखाद्या वयातली बहुतेक मुले चाचणीला कसा प्रतिसाद देतात, याची तुलनेसाठी केलेली कोष्टके. इथे चाचणी म्हणजे शाईचा डाग दाखवून ‘यात काय दिसते?’ असे विचारण्याची. हर्मन रॉर्शाक यांनी अशा डागांची १० कार्डे १९२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी ते वारले. या चाचणीची कुमारांसाठीची वयवार कोष्टके १९५९ मध्ये लुईझ बेट्स एम्स व सहकाऱ्यांनी मांडली; ती मुले अमेरिकेतली, वय १० ते १६. उत्तरे तपासण्याच्या जॉन एक्स्नरच्या पद्धतीत साधारण तिघांत एकाने दिलेले उत्तर ‘लोकप्रिय’ धरतात. आता समजा, खानदेशातल्या नरडाण्याच्या नववीतल्या मुलीला डागात कानबाई देवीचा मुखवटा दिसला. अमेरिकी कोष्टकात हे उत्तर विरळ ठरेल. श्रावणात घरोघरी कानबाई बसते त्या खानदेशात त्यात नवल ते काय? पण हेही अंदाजाने म्हणून चालत नाही. शिंदखेडा-शिरपूरकडची पुष्कळ मुले आधी तपासायला हवीत, तीही त्यांच्या अहिराणी बोलीतून. पुस्तकी मराठीत विचारले की मूल परीक्षेला बसल्यासारखे मोजके बोलते, आणि १४ हून कमी उत्तरांची नोंद एक्स्नरच्या पद्धतीत ग्राह्य धरत नाहीत. – संपा.