भार कशाचा?

सर्वेक्षणाची आकडेवारी हाती आली की अनेक अभ्यासक सोपा हिशेब मांडतात. ज्या कुटुंबाचा नमुना-भार ३, ते तीन कुटुंबांच्या वतीने बोलते. मग रेषीय मिश्र प्रतिमान बसवताना ‘वेट्स’च्या जागी ३ लिहावे, झाले. साध्या सरासरीत हा हिशेब बरोबर येतो, म्हणूनच तो पटतो. मिश्र प्रतिमानात तो फसतो.

‘आर’मधल्या एलएमई-४ पॅकेजात भार ३ दिला, की त्या नोंदीचे अवशिष्ट प्रचरण एक-तृतीयांश धरले जाते. आपण सांगतो, हे घर तीन घरांचे प्रतिनिधी आहे. संगणक समजतो, इथले मोजमाप अधिक नेमके आहे. पडताळा हवा असेल तर सगळे भार दहापट करून पाहावेत. डोकी मोजली जात असती तर नमुना दहापट मानला जाऊन प्रमाणत्रुटी घटल्या असत्या. प्रत्यक्षात स्थिर परिणाम आणि त्यांच्या प्रमाणत्रुटी जागच्या हलत नाहीत. फक्त अवशिष्ट प्रचरणाचा आकडा दहापट होतो.

यावर आक्षेप येईल: दहा झाडांच्या सरासरीला १० भार देतातच ना? देतात, आणि ते योग्यच आहे. सरासरी खरोखर अधिक नेमकी असते. पण तिथेही भाराची सत्ता मर्यादित आहे. गावागावांतले प्रचरण ४ आणि गावातल्या घरांमधले १६ माना. चार घरे पाहिलेल्या गावाच्या सरासरीचे प्रचरण ४ + १६/४, म्हणजे ८. चारशे घरांच्या गावाचे ४ + १६/४००, म्हणजे ४.०४. घरे शंभरपट, मोल जेमतेम दुप्पट! भार अवशिष्टाला भागतो. गावाच्या वेगळेपणाला तो शिवत नाही.

मग नमुना-भार टाकून द्यायचे? नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आधी गाव किंवा शहरी वस्ती निवडली जाते, नंतर तिथली घरे. निवडीच्या पायऱ्या दोन, तर भारही दोन हवेत: गावाचा गावाच्या पातळीवर, घराचा घराच्या. फेफरमन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आणि रेब-हेस्केथ व स्क्रॉन्डल यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पद्धती नेमके हेच करतात. दोन्ही पायऱ्यांच्या भारांचा गुणाकार करून आलेला एकच आकडा ‘वेट्स’मध्ये ढकलला, तर गावाची निवड घराच्या मोजमापावर लादली जाते. म्हणून रकाना भरण्याआधी आकड्याचे मूळ विचारावे: तो निवडीतून आला आहे की मोजणीतून?